चार पाकिटं, चार भाव

मंगळवारी सकाळी साडेदहाला आईने जेवणाच्या टेबलावर फोन, पेन्सिल आणि पाठकोरा कागद मांडला, खुर्ची पुढे ओढली आणि थोरलीला बजावलं, "आता अर्धा तास माझ्याशी बोलायचं नाही."

थोरली बोलणार नव्हतीच. छापखान्यातून तिने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती ती केवळ आईबरोबर जायला. एवढी रक्कम घेऊन सत्तरीच्या बाईने एकटीने फिरू नये, असं बाबांनी ठरवलं होतं. स्वतः बाबा मात्र आतल्या खोलीत परदेशातल्या त्या गावाचा नकाशा उघडून बसले होते. आयुष्यभर इतरांच्या जमिनींचे नकाशे काढले, आता पहिल्यांदाच आपण जाणार त्या जागेचा बघतोय, असं ते येईल जाईल त्याला सांगत. सहाजण जाणार होते. आई, बाबा, मावशी, धाकटा, त्याची बायको आणि थोरली. दहा दिवस, एका मोठ्या तळ्याकाठी. बेत आईचा, आणि तिथल्या नोटा विकत घेण्याचं कामही आईनेच अंगावर घेतलेलं.

"बँकेतून घेऊन टाक की," धाकटा म्हणाला होता. "एक फोन, काम फत्ते."

"तू लिफ्ट बसवतोस तेव्हा मी सांगते का, दोरी कुठली लाव ते?" आई म्हणाली होती.

आईने एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. दिवसाला शेकडो आवाज कानातून जायचे. त्यातला कुठला घाईत आहे, कुठला खोटं बोलतोय, कुठला नुकताच रडून उठलाय, हे तिला नंबर लागायच्या आत कळायचं, अशी तिची ख्याती. निवृत्तीनंतर तो कान रिकामा पडून होता. या नोटांनी त्याला पुन्हा काम दिलं.

तिची पद्धत साधी होती. नोटा बदलणाऱ्याकडे नेहमी दोन भाव असतात. तुम्हाला विकतो तो एक, तुमच्याकडून घेतो तो दुसरा. गिऱ्हाईक घ्यायला आलंय असं कळलं की पहिला चढतो, द्यायला आलंय असं कळलं की दुसरा उतरतो. म्हणून आई कळूच द्यायची नाही.

"नमस्कार. दोन्ही भाव सांगा."

"घ्यायच्यात की द्यायच्यात, बाई?"

"ते अजून ठरायचंय. तुमचे आकडे ऐकले की ठरेल."

पलीकडून काहीतरी आलं. आईने कागदावर फुली मारली, फोन ठेवला.

"काय झालं?" थोरलीने न राहवून विचारलं.

"श्वास घेतला त्याने. खरा भाव माणसाला पाठ असतो, तो घडाघडा सांगतो. श्वास घेऊन सांगतो तो आकडा तिथल्या तिथे बनवतो. आणि तू बोलू नकोस म्हटलं होतं ना?"

सात फोन झाले. कागदाच्या डोक्यावर बँकेचा भाव लिहिलेला होता, चौदा नव्वद. म्हणजे त्यांच्या एकाला आपले चौदा आणि वर नव्वद पैसे. खाली पाच फुल्या, दोन बरोबरच्या खुणा. त्या दोनांपैकी जवळचं दुकान आईने निवडलं नाही, लांबचं निवडलं. "जवळच्याला माहीत असतं, आपण चालत आलोय. लांबच्याला वाटतं, बाई दोन बस बदलून आली, रिकामी जायची नाही. तिथे तो ढिला पडतो आणि तिथेच मी पर्स बंद करून उठते."

दुकान चष्म्याच्या आणि किल्ल्यांच्या दुकानांमध्ये चेपून बसलेलं होतं. काचेला तळाशी अर्धगोल खिडकी, तिच्यामागे गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेला जाडसर गृहस्थ. बाहेर लाकडी बाक.

"येतेस आत?" आईने विचारलं.

"मी बसते इथेच," थोरली म्हणाली आणि तिने पिशवीतून पुस्तक काढलं.

ती नेहमीच बाहेर बसायची. लहानपणी चपलांच्या दुकानात, कपाटाच्या दुकानात, सायकलच्या दुकानात. आई आत भाव करायची आणि थोरली शेजारच्या दुकानाच्या काचेत अशी बघत उभी राहायची की जणू ती तिथल्याच कुणाची तरी. आज ती सत्तेचाळीस वर्षांची होती, दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढून पोट भरत होती, चार भाषा वाचत होती. पण काचेआडून आईचा आवाज आला की कानाच्या पाळ्या तशाच गरम व्हायच्या.

"एकदम तीन हजार घेणारं गिऱ्हाईक आज सकाळपासून दुसरं आलंय का? नाही ना?"

गृहस्थ काहीतरी पुटपुटला.

"सेवा आकार वेगळा? मग इतका वेळ भाव कशाचा सांगत होतात? सगळं धरून माझ्या हातात किती पडतील, तेवढं एकच वाक्य बोला. आणि मोठ्या नोटा नकोत. तिथे पाणी घ्यायला मोठी नोट काढली की दुकानदार आपल्याकडे चोरासारखं बघतो."

पस्तीस मिनिटांनी आई बाहेर आली. चेहरा असा की वर्गात पहिली आलीये पण सांगायचं नाही.

"चौदा वीस," ती म्हणाली. "वरून काही नाही. बिचारा म्हणाला, बाई, तुम्ही माझ्याकडे नोकरीला या."

मग ती बाकावर थोरलीच्या शेजारी बसली, मांडीवर पर्स ठेवली, पर्सवर चार पाकिटं. नोटा मोजून पाकिटांत भरल्या. पेन्सिल काढली. एका पाकिटावर काही लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. ओठ हलत होते. बराच वेळ गेला. थोरलीने दोन पानं वाचली.

"बँकेपेक्षा किती वाचले?" पुस्तकातून मान वर न करता तिने विचारलं.

"एकामागे सत्तर पैसे."

"तीन हजारांवर एकवीसशे." थोरलीने पान उलटलं. "आख्खी सकाळ गेली, आई. तुझं वय काय, तू त्या खिडकीत वाकून बोलतेस काय. शोभतं का हे आपल्याला?"

आईने पेन्सिलीचं टोक पुसून ती पर्समध्ये ठेवली.

"एक कर," ती म्हणाली. "कितीला मिळाले ते घरात मी सांगेन. तू नको बोलूस."

घ्या, थोरलीच्या मनात आलं, कौतुकसुद्धा हिला हिच्याच हाताने वाटायचंय. "नाही बोलत," ती म्हणाली. दोघींनी कोपऱ्यावर उभ्याने चहा घेतला. बस आधी थोरलीच्या छापखान्याच्या थांब्याला आली. उतरताना तिने मागे वळून हात केला का, हे पुढे तिला कितीही आठवलं तरी आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला आई फिरायला निघाली. चपलेचा पट्टा लावायला वाकली ती उठलीच नाही.

*

सतरा दिवसांनी, शनिवारी दुपारी, सगळे त्याच टेबलाभोवती बसले होते. तिकिटं रद्द करायची तर सोमवारच्या आत करायला हवी होती. आईच्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं आणि ती खुर्ची कुणी हलवलीही नव्हती, त्यामुळे धाकटा स्टुलावर बसला होता.

"माझं मत स्पष्ट आहे," तो म्हणाला. "रद्द. नोटा एकत्र करून परत विकू. ऑफिसात एक ओळखीचा आहे, तो घेईल."

"कितीला?" बाबांनी विचारलं. सतरा दिवसांत त्यांनी कुणाला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"तेरा म्हणत होता. आता कुठे घासाघीस करत बसायची, बाबा?"

"तेरा," बाबा नुसतंच म्हणाले आणि नखाने टेबलावरचा डाग खरवडू लागले.

"मला वाटतं बाबांनी आणि मावशींनी तरी जावं," सून म्हणाली. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. बोलणं डोस मोजल्यासारखं. "इथे बसून तरी काय करणार?"

"मी कसली जाते अक्काशिवाय," मावशी म्हणाली. मावशी आईची पाठची बहीण. शाळेचे गणवेश शिवून एकटीने आयुष्य काढलेली, आणि कुणाचं काही घेतलं म्हणून कधी कुणी नाव काढलं नव्हतं. या घरी जेवून गेली की चार दिवसांनी काहीतरी शिवून आणायची. बसचं तिकीट आईने काढलं तर उतरताच पैसे आईच्या मुठीत कोंबायची. आई म्हणायची, माझी बहीण ना, देवाकडूनसुद्धा पावती घेईल.

थोरली आतून चार पाकिटं घेऊन आली. आईच्या कपाटात, पातळ रबराने बांधलेली, अजून कुणी उघडली नव्हती. प्रत्येकावर आईचं सरळ, टेलिफोन खात्यातलं अक्षर. तिने ती टेबलावर ठेवली आणि ज्याचं त्याने उचललं.

सुनेची सवयच लेबल वाचायची. आपलं वाचून झाल्यावर ती शेजारचं वाचते, कारण चुकीचं औषध गेलं की माणूस जातो. तिने मावशीच्या पाकिटाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या, मग पुन्हा मावशीच्या.

"मावशी, तुमच्यावर बारा वीस लिहिलंय?"

"हो. पाचशे, बारा वीसने. सहा हजार शंभर दिले होते मी. बरोबर आहे की."

"आमच्यावर चौदा ऐंशी आहे."

धाकट्याने पाकीट हातात फिरवलं. "आईची चूक झाली असेल."

"अक्काची? आकड्यात?" मावशी हसली. मग हसू तिच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि त्या हसण्याच्या आतून मावशी निघून गेली.

"एकाच दिवशी घेतले ना सगळे?" सून थोरलीला म्हणाली. "ताई, तुम्ही होतात ना बरोबर?"

"मग आम्हालाच का चौदा ऐंशी?" धाकटा म्हणाला. "पैशाचं काही नाही गं. पण विचारायचं तरी एकदा."

"पैशाचं नाही म्हणतोस आणि आकडा तेवढा नेमका सांगतोस," बाबा म्हणाले. त्यांनी आपलं पाकीट नाकापाशी नेलं. "चौदा साठ. घ्या! अठ्ठेचाळीस वर्षं संसार केला, मलाही सोडलं नाही."

मावशीने पाकीट टेबलाच्या मध्यभागी सरकवलं, जसं गिऱ्हाईकाला न बसलेलं कापड परत सरकवतात.

"खरा भाव काय होता?" तिने थोरलीला विचारलं.

थोरलीने स्वतःचं पाकीट पालथं धरलं होतं. एक सोपी वाट समोर होती. म्हणायचं, दोन दुकानं होती. मावशीचे एका ओळखीच्याकडून स्वस्तात मिळाले, बाकीचे दुसऱ्याकडून. मावशीची मान ताठ राहिली असती. पण मग आई ही पोराला महागात नोटा घेऊन देणारी बाई ठरली असती, आणि आजपासून या घरात आईच्या शेवटच्या कामाची आठवण म्हणून तेवढंच उरलं असतं. दुसरीकडे आईने बजावलं होतं, तू नको बोलूस. ते कौतुकासाठी नव्हतं, हे थोरलीला आत्ता, या टेबलाशी कळलं.

"ताई?" धाकटा म्हणाला.

थोरलीने पाकीट उलटं केलं. "चौदा वीस. सगळे एकाच दुकानातून, चौदा वीसने."

मावशी उठली. तिने पर्स उघडली, आत हात घातला आणि हात तिथेच राहिला. "हजार रुपये," ती म्हणाली. "म्हणजे हजार तिने मला घातले. आयुष्यभर एक पैसा घेतला नाही मी तिचा. शेवटी केलंच. आणि तेही तुमच्या खिशातून काढून."

"मावशी, बसा ना," सून म्हणाली.

"मी घरी जाते. सोमवारी हजार आणून देईन. आणि मला कुठेही यायचं नाहीये."

"थांब," थोरली म्हणाली. "आधी पुरतं बघू. एखादी ओळ बघून पानाला चूक म्हणत नाहीत."

तिने पाठकोरा कागद ओढला. पेन्सिल नव्हती, सुनेने पेन दिलं. थोरलीने चारही पाकिटांवरचे आकडे एकाखाली एक मांडले, आणि मांडता मांडता तिचा हात हळू झाला.

"हे बघ. माणशी पाचशे घेतलेत. मावशीचे हजार रुपये कमी. धाकट्याचे, दोघांचे मिळून, सहाशे जास्त. आईबाबांचे चारशे जास्त. माझे आहेत तेवढेच. एकूण बेचाळीस हजार सहाशे. दुकानात दिले तेवढेच. इकडे ना तिकडे, एक पैसाही नाही."

"पण सहाशे माझेच का..." धाकटा म्हणाला.

"तू कुठून घेणार होतास?"

"बँकेतून."

"त्या दिवशी बँकेत चौदा नव्वद होता. तिने तुला चौदा ऐंशी लावला. ती नसती तर तू आणखी शंभर दिले असतेस." थोरलीने पेन खाली ठेवलं. "कळतंय का तुम्हाला काय केलंय तिने? कुणालाच बँकेपेक्षा जास्त पडू दिलं नाही. तेवढी हद्द आखली आणि त्या हद्दीच्या आत राहून मावशीचे पाचशे बसवले. मावशीने सांगितलं होतं ना, सहा हजार शंभरच आहेत, वर काही घालायचं नाही? तिने घातलेच नाहीत. सहा हजार शंभरात पाचशे बसायला जो भाव लागतो, तो लावला. पण एवढी फिरवाफिरव करायला आधी जागा लागते. बँकेच्या भावात ती नव्हतीच. ती तिने त्या खिडकीत उभं राहून, पस्तीस मिनिटं वाद घालून मिळवली."

धाकटा कागदाकडे बघत राहिला. तो इंजिनियर होता; वजन कुठून कुठे गेलं हे त्याला दाखवावं लागत नसे. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर असा भाव आला, जसा दुसऱ्या कुणी बसवलेली लिफ्ट आवाज न करता वर जाताना पाहिली की येत असे.

"मावशी," तो म्हणाला, "मी तुला काही दिलेलं नाही. माझे शंभर वाचलेत. तू कुणाला परत करणार?"

"तुझ्या बापाला देईन."

"मी घेणार नाही," बाबा म्हणाले. "माझेही तीनशे वाचलेत. फायद्यात असताना पैसे परत घेतले तर ती मला स्वप्नात येऊन झापेल."

"अहो भावोजी, थट्टा नका करू!" मावशीचा आवाज फाटला. "लबाड होती ती. लहानपणापासून लबाड. खेळताना मला जिंकू द्यायची आणि वर म्हणायची, आज माझं लक्ष नव्हतं." ती खाली बसली, आणि बसल्यावर तिच्या लक्षात आलं की ती आईच्या खुर्चीवर बसली आहे. उठावं की नाही हे तिला कळेना. बाबांनी मान हलवली, बैस.

कुणीतरी नळ उघडून बंद केला. सून पाणी घेऊन आली.

"तेराने वगैरे नाही विकायच्या हं," धाकटा म्हणाला, कुणीतरी दुसऱ्यानेच तसं सुचवलं असावं अशा रागाने. "विकायच्याच नाहीत. जाऊ या. बाबा?"

"तळ्याभोवती सोळा किलोमीटरचा रस्ता आहे," बाबा म्हणाले. "तिने मला चार दिवसांत करायला सांगितलाय. रोज चार. त्याहून जास्त नाही."

सगळे मावशीकडे बघू लागले. मावशीने चारही पाकिटांकडे पाहिलं, मग हात लांब करून आपलं उचललं, आणि ते पर्समध्ये टाकताना कुणाकडे पाहिलं नाही. पर्सची कडी दोनदा दाबून लावली.

"हे तिने केलं कुठे बसून?" तिने थोरलीला विचारलं. "इतका घोळ घालायचा, तर घरी कुणाला तरी दिसला असता."

"दुकानाबाहेर. बाकावर. माझ्या शेजारी."

"आणि तुला कळलं नाही?"

"मी वाचत होते," थोरली म्हणाली.

दोष देणारं कुणी नव्हतंच. तरी तिला वाटलं, वाक्य अर्धवट राहिलंय. छापायला गेलेल्या पानात अर्धवट वाक्य दिसलं की ती लेखकाला फोन करायची, पुढचं सांगा म्हणायची. इथे पुढचं तिलाच सांगायचं होतं.

"मी तिला म्हणाले, हे आपल्याला शोभत नाही. तिने खोडून खोडून ते आकडे बसवले, माझ्या कोपराला तिचं कोपर लागत होतं, आणि मी तिला शोभा शिकवली." तिचा आवाज हलला नाही, फक्त खाली गेला. "दुकानात तिच्यासोबत उभं राहायची मला लाज वाटायची. शाळेत असल्यापासून. मी म्हणायचे, आई अडाण्यासारखं करते. तसं नव्हतं. ती काय करतेय ते मला कळायचं नाही, आणि मला कळत नाही असं काही तिला येतं, हे मला सोसायचं नाही."

"ताई, राहू दे," धाकटा हळूच म्हणाला.

"नको, बोलू दे तिला," बाबा म्हणाले.

थोरलीने टेबलाच्या कडेवर दोन्ही हात ठेवले.

"ती माझ्यापेक्षा हुशार होती," ती म्हणाली. "खूप. आणि मला हे माहीत होतं, बाबा. तिला एकदाही सांगितलं नाही मी."